उघडा कोपरा

या रे मुलांनो, या गं मुलींनो, असे लांब लांब बसू नका. पाय पोटाशी घ्या आणि माझी एक कड अंगावर ओढा. थोडा दमट वास येईल, तेवढा सोसा. मावळातलं धुकं माझ्यात कायमचं मुरलं आहे. आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ती मधेच सोडून उठायचं नाही, कारण शेवटी माझं तुमच्याकडे एक काम आहे.

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. वय वर्षं अडतीस. माझा जन्म मळवलीचा, एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांतला. त्या बंगल्याचे रखवालदार होते शांतवन, आणि त्यांची बायको सालोमी ही मला घडवणारी. माझ्या वरच्या थराला सालोमीची लग्नातली पांढरी साडी आहे. खालच्या थराला शांतवनांचं धोतर आहे. मधे काय आहे, ते सांगायला मला जरा संकोच वाटतो. मधे बंगल्याच्या मालकांनी टाकून दिलेले पडदे आहेत, आणि त्यांवर लालभडक कोंबडे छापलेले आहेत. माझ्या पोटात एकवीस कोंबडे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

शांतवन नुसते रखवालदार नव्हते. नाताळात आणि ईस्टरच्या आठवड्यात ते लोणावळ्याच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कीर्तन करायचे. कमरेला शेला बांधायचे, हातात चिपळ्या घ्यायचे आणि प्रभूची कथा गाऊन सांगायचे. घरी सराव चालू असला की सालोमी उंबऱ्यात बसून मला शिवायची. चिपळीच्या एका ठोक्याला एक टाका, असा तिचा हिशेब. म्हणून माझ्या अंगावर बोट फिरवलं तर अजून कळतं: जिथे टाके दाट आहेत तिथे लय चढली होती, आणि जिथे विरळ आहेत तिथे शांतवन थांबून समजावून सांगत होते.

सालोमीला गोधड्यांचा भारी नाद. चर्चच्या मंडळीत कुणाकडे बाळ झालं की तिची गोधडी जायचीच. उर्स्याला गेली, आंबीला गेली, तळेगावला तर किती गेल्या. पण तिच्या आजीपासून चालत आलेली एक रीत होती. बाळाची गोधडी तीन कोपऱ्यांपर्यंत शिवायची आणि चौथा कोपरा वीतभर उघडा ठेवायचा. मूल मोठं झालं, मंडळीपुढे उभं राहून त्याने स्वतःच्या तोंडाने आपला विश्वास कबूल केला, की त्या दिवशी घरी येऊन त्याने तो कोपरा आपल्या हाताने शिवायचा. सालोमी म्हणायची, "बाप्तिस्मा आईबापांच्या कडेवर होतो. कोपरा मात्र ज्याचा त्याने शिवायचा."

माझ्या सगळ्या बहिणींचे कोपरे एकेक करून बंद झाले. उरले मी एकटी. कारण मी होते अमृतची, सालोमीच्या एकुलत्या एक लेकाची.

अमृत गुणी होता. डावखुरा होता, हसरा होता, आणि मला पांघरल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. पंधराव्या वर्षी तो म्हणाला, "यंदा नको." अठराव्या वर्षीही तेच म्हणाला. बाविसाव्या वर्षी शांतवनांनी सुई ओवून त्याच्यापुढे धरली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आई, मला अजून आतून वाटत नाही गं. खोटा टाका घालू का?"

सालोमीने मान खाली घातली. पण शांतवन भडकले. "ज्या हाताला टाका घालायचा नसेल त्या हाताने माझ्या घरात घासही खायचा नाही!" म्हणाले.

अमृत ताटावरून उठला. जाताना त्याने माझी घडी नीट घातली आणि उघडा कोपरा वर ठेवला. पुढे तो कोचीनला गेला, मग जहाजावर आचारी झाला, असं कानावर आलं. दोन पत्रं आली, मग तीही थांबली. शांतवन पुढची सगळी वर्षं बायबलमधल्या घर सोडून गेलेल्या मुलाचं आख्यान लावायचे. परतणाऱ्या मुलाकडे बाप धावत सुटतो तिथवर आले की ते अडायचे आणि मंडळीच ते पद पुरं करायची. असेच एका वर्षी ते गेले.

मित्रांनो, घरात एकच माणूस उरलं की गोधडीलाही थंडी वाजते. सालोमी बंगला सोडून गावात एका खोलीत राहायला आली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, छातीत दमा. रोज सकाळी ती माझ्या कोपऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि मग चहा टाकायची. शेजारी आक्काबाई. ती भाताची शेती करणाऱ्या घरातली, आणि तिचा गोधडीतला हात सालोमीइतकाच बसलेला. दोघींची सारखी चढाओढ चालायची.

"सालोमबाय, तुमची गोधडी म्हंजी नुसतं गानं," आक्काबाई म्हणायची. "आमची बगा, टाका असा की मुंगी शिरनार न्हाई."

"मुंगीला राहू दे की गं, आक्का," सालोमी म्हणायची. "तिलाही थंडी वाजते."

गेल्याच्या गेल्या वर्षी, भात काढणीच्या दिवसांत, सालोमीचा दमा बळावला. तिला तळेगावच्या दवाखान्यात नेलं आणि नऊ दिवस ठेवलं. किल्ली आक्काबाईकडे होती. तिने खोली झाडली, मला उन्हात टाकलं, आणि तिची नजर माझ्या उघड्या कोपऱ्यावर गेली.

"अगं बया, फाटलीया की," ती स्वतःशीच म्हणाली. "एवढी शिवनारी बाई, आन् आपली सोताची अशी!"

मी ओरडले, मित्रांनो. पण गोधडीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? तिने मांडीवर घेऊन माझा कोपरा शिवला. चौदा वर्षं कुणाची तरी वाट बघणारी ती वीतभर जागा दुपारच्या चहाच्या आत बंद झाली. टाके मात्र सुरेख. मुंगी शिरणार नाही असे.

सालोमी परत आली. खाटेवर टेकली आणि सवयीने तिचा हात कोपऱ्याकडे गेला. तिथे थांबला. पुन्हा फिरला. मग ती जी उभी राहिली ती थेट भिंतीवरच्या शांतवनांच्या फोटोपुढे.

"आला होता हो! तुमचा अमृत येऊन गेला! बघा, कोपरा शिवलाय त्याने!"

त्या थकल्या छातीने तिने आख्यानातलं ते अडलेलं पद म्हटलं, बाप धावत सुटतो ते, आणि पहिल्यांदाच ते पुरं केलं. मी तिच्या हातात होते आणि मला सगळं ठाऊक होतं. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

तेवढ्यात आक्काबाई भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन दारात आली.

"काय गं सालोमबाय, लय खुशीत?"

"आक्का, अमृत कधी आला होता? तू पाहिलंस त्याला? वाळलाय का गं?"

"कोन अमृत? हितं तर कुनीच न्हाई आलं."

"मग हा कोपरा..."

"त्यो व्हय? त्यो म्या शिवला. फाटला हुता न्हवं."

सालोमी खाली बसली. आक्काबाईने भाकरी झाकून ठेवली आणि घाबरून विचारलं, "काय चुकलं का माजं?"

मग सालोमीने तिला सगळी रीत सांगितली. आणि शेवटी म्हणाली, "अमृत डावखुरा आहे, आक्का. त्याचे टाके उलटे कलले असते. माझ्या बोटांना पहिल्याच वेळी कळलं होतं गं. मीच त्यांना गप्प केलं."

आक्काबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. "मग ऱ्हाऊ द्या की तसाच. कुनाला कळतंया? तुमच्या जिवाला तेवढीच शांती."

"नको," सालोमी म्हणाली. "खोटा टाका नको म्हणूनच तो गेला. त्याच्या पाठीमागे मी खोटा टाका ठेवू? मला दिसत नाही. तूच उसव."

आक्काबाईने कात्रीच्या टोकाने आपलेच सुरेख टाके एकेक करून उसवले. सालोमी शेजारी बसून तिच्या पाठीवर हात फिरवत होती. कोपरा उघडला तसा आतला एक लाल कोंबडा बाहेर डोकावला, आणि दोघी म्हाताऱ्या रडता रडता हसल्या.

त्यानंतर सालोमी दीड वर्ष जगली. यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात ती गेली. मंडळीतल्या बायका म्हणाल्या, हिच्या हातची गोधडी हिच्यावरच घालून मूठमाती द्यावी. आक्काबाईने मला छातीशी कवटाळलं.

"हिला न्यायाची न्हाई," म्हणाली. "हिचं काम ऱ्हायलंय."

आता मी आक्काबाईच्या घरी पत्र्याच्या पेटीत असते. तिची सून राजेश्वरी मनाने वाईट नाही, पण जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई आली की तिची नजर माझ्यावर जाते. "आत्ती, ही फाटकी देऊन टाकू का? स्टीलचं पातेलं येईल." आक्काबाई म्हणते, "माजं डोळं मिटूस्तोवर न्हाई." मिटल्यावर काय, ते मी विचारत नाही. दर रविवारी ती मला स्टेशनच्या रस्त्याकडच्या भिंतीवर उन्हात घालते, उघडा कोपरा रस्त्याकडे करून. त्यात एक सुई दोरा ओवून टोचलेली आहे. गंज चढला की ती सुई बदलते. तिला आमच्या प्रार्थना येत नाहीत. ती आकाशाकडे बघून एवढंच म्हणते, "सालोमबायच्या देवा, बग रं बाबा."

मित्रांनो, जुन्या गोधड्या टाकू नका, उन्हात घाला, एवढं तर मी सांगेनच. पण दुसऱ्याच्या घरातलं काही अर्धं दिसलं, तर सुई घेण्याआधी त्याला विचारा. ते फाटलेलं नसेल. ते कुणासाठी तरी ठेवलेलं असेल.

आणि आता माझं काम. कुठल्या बंदरावर, कुठल्या भटारखान्यात डाव्या हाताने कांदा चिरणारा, केस पिकत आलेला एखादा हसरा माणूस तुम्हाला भेटला, तर त्याला सांगा की कोपरा अजून उघडा आहे. टाका घालच असं कुणी म्हणत नाही. नुसता येऊन बसला तरी चालेल.

तो नाहीच भेटला, तर आज जेवणाआधी हात जोडाल तेव्हा सालोमीची आठवण करा. तिचं नाव मोठ्याने घ्या. आक्काबाईखेरीज ते फार दिवसांत कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही.