कासिआनचं पिवळं यंत्र

बावन्नाव्या वर्षी पुन्हा स्की पायात घालून डोंगर चढायचं मी ठरवलं, ते हौसेनं नाही. माझ्या नवऱ्याबरोबर, कासिआनबरोबर, वीस वर्षं वर जाणारा त्याचा मित्र लेओ गुडघ्यांमुळे घरी बसला, आणि मग कासिआन आणि आमची मुलगी फ्रोनी असे दोघंच जाऊ लागले. दोघांतलं एक बर्फाखाली गेलं तर खणायला एकच उरतं. बालवाडीच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना हा विचार मनात आला आणि मग हटेचना. तिसरं कुणीतरी हवं होतं.

अकरा वर्षांपूर्वी कासिआन बर्फाच्या लोटाखाली गेला होता. चौदा मिनिटं. त्याच्या छातीवरचं पिवळं शोधयंत्र आतून खूण देत राहिलं, लेओनं आपल्या यंत्रावर ती ऐकून जागा शोधली आणि त्याला बाहेर काढलं. पुढच्याच हिवाळ्यात कासिआन पुन्हा वर गेला, तेच यंत्र बांधून. मी मात्र माझ्या स्की विकून टाकल्या.

"मला सामान घ्यायचंय," एका सकाळी न्याहारी करताना मी म्हणाले.

"कसलं?"

"तुमच्याबरोबर वर यायचं."

कासिआन पावाला लोणी लावत होता, तो थांबला. "तू? मग लेओचं घे ना. त्याचं सगळं पडूनच आहे."

फ्रोनी शनिवार-रविवारची इन्सब्रुकहून घरी यायची. ती म्हणाली, "आई, लेओकाकाचं काही घेऊ नकोस. त्याचे बूट तुला होड्यांसारखे होतील. दुकानात जा, आणि घाई करू नकोस."

मी घाई केली नाही. खालच्या गावातल्या दुकानात अख्खी दुपार बसले. दुकानातला माणूस सज्जन होता, तोच घोळ.

"तुम्हाला चढायची आवड जास्त की उतरायची?"

"चढल्यावर उतरावं लागतंच ना?"

"लागतं. पण हलक्या स्की घेतल्या तर चढताना दम लागत नाही, उतरताना त्या थरथरतात. जड घेतल्या तर उलट."

बूट अडकवायच्या खटक्यांचंही तसंच. एक खटका आपण पडल्यावर लवकर सुटतो, म्हणून पाय मोडत नाही. पण नको तिथंही सुटू शकतो. दुसरा नको तिथं सुटत नाही, आणि हवा तिथंही उशीर लावतो.

"यातला सुरक्षित कुठला?"

"ते तुम्ही कशा पडता त्यावर आहे," तो म्हणाला.

मी कशी पडते हे मला माहीत नव्हतं. मग त्यानं एअरबॅगची पाठपिशवी दाखवली. दोरी ओढली की फुगते आणि माणूस लोटाच्या वरच्या अंगाला राहतो. "मग ही घेतली की काळजी मिटली?" असं विचारल्यावर त्यानं नकारार्थी मान हलवली. झाडांमध्ये सापडलात तर हिचा फारसा उपयोग नाही, आणि दोरी ओढायला हात मोकळा राहायला हवा. फावडं मात्र धातूचंच घ्या, कारण थांबलेला लोट सिमेंटसारखा घट्ट होतो आणि प्लास्टिकचं फावडं मोडतं. त्या दुकानात मला स्वच्छ कळलेली ही एकच गोष्ट. शेवटी मधल्या वजनाच्या स्की, बूट, फावडं, बर्फात खुपसून बघायची घडीची लांब सळई आणि एक नवं शोधयंत्र घेऊन मी घरी आले. एअरबॅग घेतली नाही. का नाही घेतली, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

बुधवारी सकाळी घरामागच्या कुरणात सराव केला. तापमान उणे चौदा होतं. कासिआननं त्याचं पिवळं यंत्र पिशवीत घालून बर्फात पुरलं आणि मी माझं नवं यंत्र हातात धरून निघाले. पडद्यावर बाण आला, अंतराचा आकडा आला: अडतीस मीटर. मग एकतीस. मग काहीच नाही. दोन पावलं मागे आले तर तेहेतीस. पुढे गेले की पुन्हा कोरं. वीस मिनिटं मी त्या कुरणात फेऱ्या मारत होते आणि कासिआन कुंपणाला टेकून बघत होता.

"खरंच पुरलंयस ना?" मी विचारलं.

"पुरलंय. तुझ्या पायापासून दहा पावलांवर आहे. खेळणं आहे ते तुझं यंत्र."

त्यानं आपलं यंत्र उकरून स्वयंपाकघरात आणलं. तिथं शेगडीजवळ तासभर राहिल्यावर माझ्या यंत्रानं त्याला बिनचूक पकडलं, अगदी दुसऱ्या खोलीतूनसुद्धा. मला काही समजेना.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र घेऊन पुन्हा दुकानात गेले. त्या माणसानं दुकानातली तीन यंत्रं लपवून माझ्या यंत्रानं शोधून दाखवली. एकही चुकलं नाही.

"शोधताना तुमचा फोन कुठं होता?"

"कोटाच्या वरच्या खिशात."

"मग तेच. फोन जवळ असला की ही यंत्रं गोंधळतात."

माझा जीव भांड्यात पडला. दुपारी ऊन होतं, पन्हाळीतून पाणी गळत होतं. फोन घरात ठेवून मी पुन्हा शोधलं आणि पाच मिनिटांत सळई बरोबर पिशवीला लागली. कासिआननं स्वतःहून कॉफी केली.

शुक्रवारी सकाळी पुन्हा कडाक्याची थंडी. फोन घरातच होता. अडतीस, एकतीस, कोरं.

"तू ते तिरकं धरतेस," कासिआन म्हणाला.

"काल सरळ धरलं होतं?"

"काल तुझं नशीब."

मी वैतागून आत आले. यंत्र वाईट, की माझे हात वाईट, की कुरणाखालून विजेची तार गेलीय? त्याच्या यंत्राबद्दल मात्र शंका घेणं मला जमत नव्हतं. त्या यंत्रानंच माझा नवरा मला परत दिला होता.

शनिवारी सकाळी फ्रोनीनं तिचं यंत्र घेऊन तेच कुरण पालथं घातलं. तिचाही आकडा येत होता आणि जात होता. ती म्हणाली, "बाबा, गाडी काढ. रोमेडकाकाकडे जाऊ."

रोमेड गावच्या बचाव पथकात आहे. त्याच्याकडे अशी यंत्रं तपासायचं उपकरण असतं. त्यानं पिवळं यंत्र तपासलं आणि भुवई उचलली. मग ते खिडकीबाहेर बर्फात ठेवलं, आम्हाला चहा दिला, आणि अर्ध्या तासानं पुन्हा तपासलं.

"कासिआन, हे खूण देतंय. पण सूर सोडून. थंडीत तर फारच," तो म्हणाला. "नवी यंत्रं ठरलेला एकच सूर ऐकतात. त्याच्या बाहेरचं त्यांना ऐकू येत नाही."

"लेओला कधी अडचण आली नाही."

"लेओचं यंत्रही तुझ्या यंत्राएवढंच जुनं. त्या यंत्राचे कान ढिले होते, त्याला कसाही आवाज ऐकू आला असता."

"आणि आम्ही निघताना दरवेळी तपासत होतो की," फ्रोनी म्हणाली. "पार्किंगमध्ये. दर वेळी वाजायचं."

"गरम गाडीतून काढलेलं, हातभर अंतरावर. तेव्हा वाजणारच."

"केव्हापासून असं असेल?" कासिआननं विचारलं.

"ते सांगता येणार नाही. मागचा हिवाळा, कदाचित त्याच्या आधीचाही."

मागच्या हिवाळ्यात ते दोघं नऊ वेळा वर गेले होते. फ्रोनीनं बापाकडे पाहिलं नाही. "मला तू सापडला नसतास, बाबा," ती हातातल्या चहाच्या कपाकडे बघत म्हणाली.

कासिआननं यंत्राची पाठ उघडून बॅटऱ्या काढल्या आणि यंत्र रोमेडसमोर ठेवलं. बाहेर गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"बुर्गल," तो मला म्हणाला, "मला या यंत्राचा राग यायला हवा की नको, तेच कळत नाहीये."

मलाही कळत नव्हतं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग फ्रोनी मागून म्हणाली, "दुकान बारापर्यंत उघडं असतं," आणि त्यानं गाडी चालू केली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं वर गेलो. तिघांची यंत्रं नवी, तिघांची फावडी धातूची. स्कीच्या तळाला मागे घसरू न देणारी पट्टी चिकटवून मी अडीच तास त्यांच्या मागून चढले. माझी छाती फुटायला आली होती, तरी मला बरं वाटत होतं. वर खिंडीखाली मोठा पांढरा उतार लागला. त्यावर आमच्या आधीच्या लोकांच्या ताज्या रेघा होत्या. फ्रोनीनं कडेला फावड्यानं हातभर खड्डा खणला, बोटांनी थर चाचपले आणि उठली.

"आज इथून नको."

"का?" कासिआननं विचारलं.

"नक्की नाही सांगता येत. खालचा थर साखरेसारखा सुटतोय. मला आवडलं नाही."

तेवढ्यात वरून चार तरुण आले, उतारावरून मजेत वळणं घेत खाली गेले आणि झाडांमागे दिसेनासे झाले. उतार जागचा हलला नाही. आम्ही तिघं बघत उभे राहिलो.

"मग आपण बरोबर करतोय की नाही?" मी विचारलं.

"ते आज कळणार नाही, आई. बहुतेक कधीच नाही."

कासिआन उताराकडे पाहत होता. मला वाटलं तो आता वाद घालेल. पण तो वळला आणि रानातल्या अरुंद वाटेला लागला. ती वाट वाईट होती. मी तीनदा पडले, एकदा फरच्या झाडाच्या फांदीत अडकले आणि दोघांनी मला ओढून काढलं. खाली आलो तेव्हा माझ्या कॉलरच्या आत बर्फ होता आणि पाय कापत होते.

"पुढच्या रविवारी येशील?" गाडीच्या टपावर स्की बांधताना कासिआननं विचारलं.

मी वर पाहिलं. उन्हात तो उतार अजून तसाच होता, चार नव्या रेघांसकट.

"येईन," मी म्हणाले, आणि बूट काढायला बसले.