मोठं मडकं

यंदा नवस मोठा, तेव्हा आट्टुकालच्या भगवतीदेवीपुढं नैवेद्याचं मडकंही मोठंच हवं, असं विलासिनीनं ठरवलं आणि तिथंच घोळ झाला. तांदूळ घरून आणला होता तो दरवर्षीच्याच मापाचा. पोटची पोर कालपासून दवाखान्यात डोळे मिटून पडलेली. मापाकडे कुणाचं लक्ष असणार?

नैवेद्य शिजवायला बायकांनी शहरभर रस्तोरस्ती विटांच्या चुली मांडल्या होत्या. देवळातली आग चुलीचुलीनं पुढं सरकत विलासिनीच्या रस्त्यावर आली. शेजारच्या म्हाताऱ्या भार्गवीचेचीनं, म्हणजे भार्गवीताईनं, आपल्या चुलीतली पेटती झावळी विलासिनीच्या विटांमध्ये सारली. बघता बघता सगळ्यांचा गूळभात फसफसून मडक्याबाहेर सांडू लागला. जिचं मडकं उतू गेलं तिचं भगवतीनं ऐकलं! जिभा हलवत बायका कुरवा, म्हणजे आनंदाचा किलकारा, घालू लागल्या. विलासिनीचा भात मात्र तळाशीच रटरटत होता. ती वेड्यासारखी झावळ्या कोंबत राहिली.

"अगं, देवीला जेवायला घालतेयस की आंघोळ घालतेयस?" भार्गवीचेची हसली. "एवढ्या रांजणात मूठभर तांदूळ! जन्मात उतू जायचं नाही ते."

"चेची, माझी श्रीकला मरतेय गं."

म्हातारीचं हसू विरलं. "आधी नाही का सांगायचं, बये?" म्हणत तिनं आपल्या मडक्यातला भात डावानं उपसला.

"नको, चेची. नवस माझा आहे. दुसऱ्याचा भात कसा चालेल?"

"आग माझीच घेतलीस ना? मग भात घ्यायला काय धाड भरली?"

आजूबाजूच्या बायकाही धावल्या. कुणी भात ओतला, कुणी नारळाचं दूध. मडकं भरत आलं. तेवढ्यात कमरेचा फोन वाजला. विलासिनीनं तो दाबून धरला. आधी हे सांडू दे, मग काय ते ऐकेन. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. भगवतीआई, मला ने, मला म्हातारीला ने, पण तिला ठेव, ती पुटपुटत होती.

फेस काठावर आला आणि भळकन चुलीत सांडला. तिनं जावयाला फोन लावला.

"बिजू, सांडलं रे! तिला सांग, सांडलं!"



"अम्मा, मघाशी डोळे उघडले होते तिनं. तुमच्याशीच बोलायचं म्हणत होती. दोनदा फोन लावून दिला मी." त्याला हुंदका आवरेना. "आता गेली ती."

विलासिनीनं किंकाळी फोडली. बायकांनी वळून पाहिलं, तर मडकं उतू गेलेलं. मग काय, रस्ताभर कुरवा उठला. भार्गवीचेचीनंही तोंड उघडलं होतं. विलासिनीच्या हातातला फोन पाहून तिनं ते मिटलं. बाकीच्यांना ती थांबवू शकली नाही.