शिडीमास्तरांनी वर केलेला हात

उंच इमारतीला आग लागली की शिडीवर पहिला पाय त्यांचाच पडायचा, म्हणून अग्निशमन दलातल्या पोरांनी त्यांना शिडीमास्तर नाव ठेवलं. पुढे ते बायकोच्याही तोंडी बसलं. बायको गेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात राहायला गेली, नोकरीही संपली. नाव तेवढं राहिलं.

नाव राहिलं आणि पंप्या राहिला. पंप्या म्हणजे बंबावरचा पंप चालवणारा त्यांचा जोडीदार. दोघांनी उभी हयात एकाच गाडीत काढली आणि निवृत्तही एकाच वर्षी झाले. रोज संध्याकाळी बागेतल्या पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर दोघांची बैठक असायची. पंप्याचं तोंड वाजायचं, शिडीमास्तर ऐकायचे. घरी परतल्यावर ऐकायला काहीच नसायचं, म्हणून ते उठायला उशीर लावायचे.

मग एका वर्षी नगरपालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला. जुन्यांच्या पेन्शनी आणि नव्यांचे पगार यांची तोंडमिळवणी होईना. सुधारणेसाठी समिती नेमली गेली. तिच्यात निवृत्तांचा एक माणूस हवा होता, तेव्हा त्यांच्या संघानं एकमुखानं शिडीमास्तरांना पाठवलं.

"हा कमी बोलतो, पण मागं सरत नाही," पंप्यानं भर सभेत सांगितलं. घरी जाताना मात्र त्यानं त्यांचा हात धरला. "औषधांना हात लावू देऊ नकोस हं. तुझ्या वहिनीचं हृदय त्या गोळ्यांवर चाललंय."

"मला काय ठाऊक नाही का?" शिडीमास्तर म्हणाले.

समितीत लेखाधिकाऱ्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दोनच वाटा होत्या. एक तर या वर्षापासून भरती झालेल्यांना पेन्शन नाही. नाहीतर निवृत्तांच्या मोफत औषधोपचाराला कात्री लावून निम्मा भार त्यांच्यावर टाकायचा. शिडीमास्तरांनी तिसरी वाट शोधून पाहिली. साहेबांच्या गाड्या कमी करा म्हणाले, बांधकामं पुढे ढकला म्हणाले. लेखाधिकारी हसले नाहीत. त्यांनी सगळं मांडून दाखवलं, तरी खड्डा भरेना. निर्णय पुढच्या आठवड्यावर गेला.

मधल्या एका सकाळी ते आपल्या जुन्या केंद्रावर गेले. अंगणात शिडीचा सराव चालला होता. नव्यानंच रुजू झालेली एक मुलगी सरसर वर चढली, घाम पुसत खाली आली आणि त्यांना म्हणाली, "काका, आमची पेन्शन जाणार म्हणतात. आम्ही आता जपून चढायचं. पडलो तर घरच्यांना शाबासकी तेवढी मिळेल!"

बाकीचे खो खो हसले. शिडीमास्तरांना हसू आलं नाही. त्यांना धाकल्या आठवला. त्यांच्या तुकडीतला सगळ्यात लहान, शीतगृहाच्या आगीत छप्पर कोसळून गेलेला. त्याच्या बायकोनं पेन्शनवर दोन पोरं वाढवली. मुलगी आता शिक्षिका होती, मुलगा गाड्या दुरुस्त करायचा. ती पेन्शन नसती तर त्या बाईनं काय केलं असतं, हा विचार त्यांनी आजवर कधी केला नव्हता. उरलेला आठवडाभर त्यांनी दुसरा विचारच केला नाही.

पुढच्या बैठकीत मतं समसमान पडली. उरले शिडीमास्तर. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी हात वर केला तो नव्यांची पेन्शन ठेवण्याच्या बाजूनं.

ते घरी पोचायच्या आत बातमी पोचली. पंप्या दारातच उभा होता.

"विकलंस आम्हाला."

"अरे, ऐकून तरी घे. त्या पोरांना…"

"पोरं धडधाकट आहेत! तुझ्या वहिनीला दोन जिने चढवत नाहीत." पंप्याचा आवाज फाटला. "तुला काय, तू एकटा. तुला कुणाचं औषध आणायचंय?"

शिडीमास्तरांनी खिशातून किल्ली काढली. ते खरंच एकटे होते.

त्यानंतर सगळ्यांनीच त्यांच्याकडे पाठ फिरवली. संघानं नवा माणूस निवडला. बागेत ते आले की बाकावरची मंडळी एकेक करून उठायची. कुणाला भाजी घ्यायची असायची, कुणाचे गुडघे दुखायचे. रोज वेगवेगळी निमित्तं काढण्याचे कष्ट लोक घेत होते, तेही पुढे संपले. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही चुकला नाहीत." त्यांना बरं वाटलं. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा जास्त गप्प झाली.

एकदा धीर करून ते पंप्याच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं. "हे बाहेर गेलेत, भावजी," त्या म्हणाल्या. पंप्याच्या चपला उंबऱ्याशीच होत्या. दोघांनीही त्या पाहिल्या आणि नजर दुसरीकडे वळवली.

"औषधांचं मी थोडं बघीन म्हणत होतो…"

"नको. ते घेणार नाहीत." मग त्या हळूच म्हणाल्या, "माझा राग नाही हो तुमच्यावर. पण मला राहायचंय त्यांच्याबरोबर."

थंडीच्या दिवसांत वहिनींना दवाखान्यात हलवल्याचं त्यांना औषधाच्या दुकानात कळलं. ते तसेच निघाले. लांबलचक व्हरांड्याच्या एका टोकाला पंप्या बसला होता. हे दुसऱ्या टोकाला बसले. पंप्यानं पाहिलं, ओळख दिली नाही, पण जा असंही म्हटलं नाही. दुपारभर माणसं, खाटा, परिचारिका मधून जात-येत राहिल्या.

ऊन उतरल्यावर पंप्या उठला आणि चालत त्यांच्यापर्यंत आला. दाढी वाढली होती.

"धोका टळला म्हणाले डॉक्टर," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आता जा तू घरी."

"बरं," शिडीमास्तर म्हणाले. ते उठले.

पुढे वहिनी घरी आल्या. औषधांच्या निम्म्या खर्चासाठी पंप्यानं एका गोदामावर पहाऱ्याचं काम धरलं. नव्या भरतीची पेन्शन टिकली. ती कुणाच्या हातानं टिकली हे केंद्रावर कुणाला ठाऊक नव्हतं आणि शिडीमास्तरांनी सांगितलंही नाही. गोदामाच्या रस्त्यावर दोघे कधी समोरासमोर आले की पंप्या मान हलवतो. हेही मान हलवतात. थांबत कुणी नाही.