मूठभर मीठ

आमच्या बेकरीत कणकेत मीठ सगळ्यात शेवटी पडतं, तेही सासूबाईंच्या मुठीने. त्या दिवशी पहाटे मूठभर मीठ घेऊन त्या कणकेपुढे डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ परदेशात तापाने फणफणला होता, त्याच्यासाठी प्रार्थना चालली होती. मी भट्टीत लाकडं सारायला वाकले, वळून बघते तर सासूबाई गायब. दाराला आतून कडी. सांडलेल्या पिठात त्यांची पावलं टेबलापाशीच संपलेली. मी कोठीत शोधून आले, तर त्या पुन्हा जागेवर, घामाघूम, मूठ रिकामी.

"कुठे गेला होतात, आई?"

"पवित्र आत्म्याने नेलं, तिथे."

त्यांचं हे नेहमीचंच, म्हणून मी कपाळाला हात लावला. मूठ रिकामी म्हणजे मीठ पडलं, असं धरून पाव भाजले. गिऱ्हाइकांनी ते अळणी म्हणून परत आणले तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"देवाचं करा, पण मिठाचंही बघा जरा," मी म्हणाले. त्या नुसत्या तळहाताकडे बघत राहिल्या.

दुपारी परदेशातून त्या भावाचा, मामांचा, फोन आला. आवाज खणखणीत होता.

"ताप उतरला गं. ताई आली, माझा हात धरून प्रार्थना केली आणि दिसेनाशी झाली. तिला एवढंच विचार, माझ्या मुठीत मीठ कशाला ठेवलंस?"

मी फोन ठेवला. परत आलेल्या पावांतला एक उचलला आणि गुडघे टेकून तसाच अळणी खाल्ला.