निळं पाणी

माझं आयुष्य गेलं ते एका खड्ड्यात. तळघराच्या कोपऱ्यात हा खड्डा आहे. आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी त्यात झिरपायचं आणि मी ते बाहेर फेकायचो. मी पंप. माझी आठवण लोकांना पाय ओले झाल्यावरच येते.

कारखान्यातल्या चाचणीत भरलेलं पिंप मी एका दमात कोरडं केलं होतं. तिथून म्हाताऱ्याने मला या घरात आणलं. म्हातारा म्हणजे घरमालक. त्याला सगळं कळतं, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. नाहीतर जेवणं शांतपणे होत नसत.

तळघर त्याच्या थोरल्या लेकीचं. नवऱ्याला सोडून ती परत आली, तेव्हा वरची खोली रिकामी असूनही त्याने तिला खाली धाडलं. वर आल्यागेल्याला काय सांगायचं, म्हणे. तिने सामान खाली उतरवलं. पातेली मांडली, दोऱ्या बांधल्या आणि कापड रंगवायचा धंदा सुरू केला. ती चांगलं रंगवायची. मला लाथ न मारणारी घरात ती एकटीच.

माझा पाइप अंगणातून थेट रस्त्याच्या गटारात जायचा. मग म्हाताऱ्याचं शेजारीच राहणाऱ्या धाकट्या भावाशी बिनसलं. का, ते आता दोघांनाही धड आठवत नाही. अंगणाच्या मधोमध विटांची रांग आली, आणि पाइप गेला भावाच्या वाट्यात. भाऊ काढ म्हणाला नव्हता. पण त्याचे उपकार नकोत म्हणून म्हाताऱ्याने करवत घेतली आणि पाइप आपल्याच भिंतीशी कापला. वर मिशीला पीळ.

तेव्हापासून मी फेकलेलं पाणी भिंतीच्या पायाशी पडायचं, मुरायचं आणि पुन्हा माझ्याच खड्ड्यात यायचं. मी तेच पाणी उपसत राहिलो. थांबायची सोय नव्हती. अंग तापायचं, आवाज घोगरा झाला.

पंपवाला आला. त्याने माझ्या जाळीतली सुतं काढली, पाण्याबरोबर वर येऊन मला चालू करणारा गोळा हलवून पाहिला, वरून बादली ओतली. मी ती गटकन संपवली. पंप ठणठणीत आहे, पाणी कुठून येतंय ते बघा, असं तो म्हणाला.

"तू पंप बघ. घर मी बघतो," म्हातारा म्हणाला.

एकदा लेकीने उरलेला निळा रंग बाहेर भिंतीशी ओतला. दुसऱ्या दिवशी माझा खड्डा निळा. ती बघत राहिली. मग मुद्दाम तांबडा ओतला. तोही आला. तिने बापाला खाली बोलावलं.

"बाबा, आपलंच पाणी परत येतंय. काकांना एक शब्द विचारा, पाइप पूर्वीसारखा नेऊ."

"मी विचारू? त्याला?"

"मग मी विचारते."

"विचार. जेवायलाही तिकडेच जा."

आई जिन्यावर उभी होती. ती पदराला हात पुसत वर निघून गेली. आयुष्यभर तिने तेच केलं होतं.

लेक गेलीच विचारायला. परत आली ती काकाचा निरोप घेऊन: तुझ्या बापाला पाठव; तो आला तर पाइप काय, नदी ने इथून. म्हाताऱ्याने ऐकलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. दोघंही एकाच आईची लेकरं.

त्यात तिला मोठं काम मिळालं. ते पोचवलं की भाड्याची जागा घेऊन ती इथून सुटणार होती. कापड रंगून मांडणीवर वाळत होतं आणि पावसाने मुक्काम ठोकला. मी सगळा जोर लावला. ऐन दुपारी माझ्या पोटातली तार जळाली.

पाणी मांडणीपर्यंत चढलं. पिवळ्यात निळा, निळ्यात तांबडा. सगळं मातकट झालं. ती कमरेएवढ्या पाण्यातून गठ्ठे ओढत होती. म्हातारा जिन्याच्या कोरड्या पायरीवरून म्हणाला, "मी सांगत होतो, पंपच भिकार."

तिने हातातला गठ्ठा पाण्यात सोडून दिला. मग एक ओली पिशवी घेऊन ती त्याच्या शेजारून वर चढली आणि घराबाहेर पडली. कुठे चाललीस, ते कुणी विचारलं नाही. विचारणं या घराण्यात बसत नाही.

आता मी बाहेर अंगणात विटांच्या रांगेला टेकून गंजतोय. तुमच्या घरात पंप दिवसभर घुरघुरत असेल, तर आधी त्याला शिव्या देऊ नका. पाइपाचं तोंड कुठे आहे ते बघा. आणि तो कुणी कापला, ते घरातल्या मोठ्यांना तोंडावर विचारा.

खड्ड्यात नवा पंप बसवलाय. पाइप मात्र तसाच कापलेला आहे. भिंतीशी पडणारं पाणी मला इथून दिसतं. अजूनही किंचित निळं आहे.