येळवस नसलेलं वर्ष

गुणाबाई तोंडानं फटकळ आणि शब्दाला पक्की. या दोन गोष्टी एकाच बाईत असल्या की घरच्यांचं काय होतं, ते निलंग्याजवळच्या त्या गावात तिच्या नवऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. व्यंकटराव बिचारे चाळीस वर्षं नुसतं ‘बरं’ म्हणत आले होते.

गेल्या डिसेंबरातल्या वेळ अमावस्येची गोष्ट. तिकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खा लातूर जिल्हा घराला कुलूप घालून शेतात जातो. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबील रानात शिंपडायची, हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे खायचे आणि वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. पण पोटची लेक वर्षाराणी आणि नांदेडला कारकून असलेले जावई सुदर्शनराव लग्नानंतरच्या तिसऱ्या येळवशीलाही आले नाहीत. पहिल्या वर्षी परीक्षा, दुसऱ्या वर्षी ताप, तिसऱ्या वर्षी साहेबानं रजा दिली नाही. शेजारच्या बांधावरून महादेवप्पाच्या बायकोनं मुद्दाम विचारलं, “जावई कुठं दिसंनात?”

झालं. आंबिलीचं मडकं हातात असतानाच गुणाबाई कडाडली, “पोरगी नि जावई माझ्या शेतात येळवशीला येईस्तोवर मी नांदेडचा उंबरा चढणार न्हाई!”

चार बांधांवर ऐकू गेलं. वर्षभराचा तर प्रश्न, असं तिला वाटलं.

जानेवारीत बियाणांच्या दुकानातून फुकटचं कॅलेंडर आलं. गुणाबाईनं अमावस्येच्या काळ्या गोळ्यांवर बोट ठेवत बारा पानं उलटली. येळवस कुठंच नव्हती. “छापायची राहिली,” ती म्हणाली आणि व्यंकटरावांना कॅलेंडर बदलून आणायला पिटाळलं. ते दुसरं घेऊन आले. त्यातही नव्हती. तिसऱ्यांदा जायला मात्र त्यांना लाज वाटली, म्हणून ते पंचांग बघणाऱ्या रामलिंगआप्पाला घरीच घेऊन आले.

“यंदा ज्येष्ठ दोनदा हाय, गुणाबाई,” आप्पा म्हणाले. “अधिक महिना. त्याच्या फुडचे समदे सण ढकलले गेले. येळवस गेली फुडल्या सात जानेवारीला, सत्तावीसच्या कॅलेंडरात. या सालात पुनवा तेरा हायत, पर येळवस एक बी न्हाई.”

“तेरा पुनवा घेऊन काय करू मी?”

आप्पा चहा पिऊन निघून गेले.

मग आली धुळवड. त्या संध्याकाळी चंद्र उगवला तोच कडेला ग्रहण घेऊन. गुणाबाई अंगणातून बघत होती, तेवढ्यात वर्षाराणीचा फोन आला. “आई, मला दिवस गेलेत. तिसरा सरत आलाय. श्रावणात होईल. डॉक्टरीण इथलीच, बाळंतपण पण इथंच. तू येशील ना?”

“आत बस आधी. विळीला हात लावू नको. गिराण हाय,” गुणाबाई म्हणाली. आनंदानं तिला रडू फुटलं होतं आणि त्याच रडण्यात भीतीही होती. पहिलं नातवंड नांदेडात जन्माला येणार आणि आजी निलंग्यात शब्द सांभाळत बसणार! त्या रात्री तिला भाकर गोड लागली नाही.

“शब्द माघारी घे की,” व्यंकटराव म्हणाले. “कोण इचारतंय?”

“चार बांधांनी ऐकलाय,” ती म्हणाली. व्यंकटराव म्हणाले, “बरं.”

अधिक महिना लागला की जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायची रीत. लेक आणि जावई चौदा जूनला, रविवारी सकाळी आले. चहा घेतला आणि सुदर्शनराव सासऱ्याबरोबर जे गायब झाले ते दुपारी निरोपच आला, जेवण शेतात घेऊन या.

पेरणीची वाट बघत पडलेल्या काळ्या रानात एक कोप उभी होती, पण एका अंगाला कललेली. तिचं तोंड भलत्याच दिशेला होतं. आत चुन्यानं रंगवलेले सात दगड होते. सुदर्शनरावांच्या केसांतही चुना होता.

“सात कशापायी?” गुणाबाईनं विचारलं.

“पांडव पाच, का द्रौपदी धरून सहा, ते आठवंना, मामी. म्हणून जादाच ठेवले. मामांना इचारलं तर ते नुसतं बरं म्हणाले. अन् आज अमावस्या हाय. दुपारीच लागली.”

“ही येळवस न्हाई, जावईबापू. ज्वारी कुठं हाय? हरभरा कुठं हाय? भज्जी कशाची करू, ढेकळांची?”

सुदर्शनरावांचा चेहरा पडला. वर्षाराणी कमरेवर हात ठेवून लिंबाच्या सावलीत टेकली होती. सातवा लागला होता. ती आईकडे बघत राहिली. बांधावर महादेवप्पाची बायको कान टवकारून उभी होतीच.

गुणाबाईनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा दगडांकडं. मग पदर खोचला आणि बांधाकडं तोंड करून गरजली, “माझी येळवस कुणी गिळली? ह्याच महिन्यानं न्हवं? मग त्याच्याच पोटातून काढून घेते! ऐकलं का गं? आज माझी येळवस हाय. ये जेवायला!”

ती बाई खरंच आली. आंबील नव्हती म्हणून गुणाबाईनं घरून आणलेलं ताकच रानात शिंपडलं आणि पांडवांपुढं धोंडे ठेवले. व्यंकटराव जादाचे दोन दगड उचलायला वाकले, तर ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. येळवशीला आलेल्या पाव्हण्याला कुणी उठवतं का?”

जेवणं झाली. सुदर्शनरावांनी भीत भीत विचारलं, “मग मामी, श्रावणात नांदेडला...?”

“पिशवी पाडव्यापासून भरून ठेवलीय. कुंची हाय, गोधडी हाय, डिंक हाय.” एवढं बोलून तिनं बोट उगारलं. “पर खरी येळवस सात जानेवारीला. लेकराला घेऊन यायचं. न्हाई आलात, तर...”

महादेवप्पाची बायको पुढं सरकून बसली.

“तर मी नांदेडातच ऱ्हाईन. हिकडं माघारी येणार न्हाई!”

सुदर्शनराव हसले, वर्षाराणी हसली, बांधावरची बाईसुद्धा हसली. व्यंकटराव तेवढे हसले नाहीत आणि ‘बरं’ही म्हणाले नाहीत. ते सरकत सरकत जावयाजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “जावईबापू, तेवढा रजेचा अर्ज उद्याच टाका.”