मेस्त्री उठले

“उठले! बघा, उठले!”

मंचावरून चर्चचा तरुण पाळक माइकमध्ये ओरडला. ड्रमवाल्याने ड्रम बडवला आणि सारं सभागृह टाळ्या पिटू लागलं. मेस्त्री व्हीलचेअरपुढे, बायकोच्या खांद्याला धरून उभे होते. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना ऐन रंगात आली असताना त्यांना लघवीला लागली होती, एवढीच काय ती गोष्ट.

जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस अर्धांगवायूनंतर पायऱ्यांपुढे हरला होता. जुन्या चर्चला पायऱ्या उंच. सुरुवातीला चौघं त्यांना खुर्चीसकट उचलून नेत, अगदी प्रेमानं. मग दोघं. मग मंडळीत कंबरदुखीची साथ आली. शेवटी चर्चचे एक पंच घरी येऊन, चहा पिऊन सांगून गेले, “मेस्त्री, देव काय घरी नसतो?” देव होता हो, माणसं नव्हती. म्हणून बायको दुसरी मंडळी शोधत हिंडली. एकीकडे उंबरा आडवा आला, दुसरीकडे खुर्चीनं वाट अडते म्हणून कपाळांना आठ्या पडल्या. या नव्या चर्चला रॅम्प होता, आणि दारातच पोरांनी मेस्त्रींना मिठ्या मारल्या होत्या.

पाळक धावत खाली आला. “अजून एक पाऊल, काका! विश्वासानं!”

“अहो, त्यांना बाथरूमला जायचंय,” बायको म्हणाली. “घरीही तेवढं चालतात ते, माझ्या आधारानं.”

“मावशी, देव कुठल्याही निमित्तानं उठवतो!”

हे माइकमधून गेलं. टाळ्या दुप्पट झाल्या. मेस्त्रींची पॅंट तिथंच ओली झाली. लोकांचे डोळे भरून आले होते, त्यांना दिसलं नसावं.

घरी पॅंट पिळता पिळता बायको म्हणाली, “पुढच्या रविवारी खरं काय ते सांगून टाकते.”

“काही सांगू नकोस.”

“अहो, उद्या पळायला लावतील!”

“पळीन. अगं, किती जणांनी जवळ घेतलं मला. आजारी पडल्यापासून डॉक्टरशिवाय कुणी हात तरी लावला होता का?”

“आणि मी लावते तो?”

“तू उचलतेस,” मेस्त्री म्हणाले.

तिच्या हातून पॅंट जरा जास्तच पिळली गेली.

पुढच्या रविवारी स्वयंसेवकांनी दारातच व्हीलचेअर काढून घेतली. “आता हिचं काय काम, काका?” ती मंचावर साक्ष म्हणून ठेवली गेली, वर रंगीत दिव्याचा झोत. मेस्त्रींना पहिल्या रांगेत मान मिळाला आणि हात नसलेली प्लास्टिकची खुर्ची.

गाणी सुरू झाली तशी सगळी मंडळी उभी राहिली. पाळकानं मेस्त्रींकडे पाहून हसत दोन्ही हात वर उचलले. मेस्त्री उठले. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्याच्या मध्यावर गुडघा थरथरू लागला, चेहरा मात्र हसरा. मागून कुणीतरी कौतुकानं त्यांची पाठ थोपटली. तेवढ्यानंही ते कोसळले असते.

बायकोनं मागून त्यांच्या पट्ट्यात मूठ घातली, सगळा भार मनगटावर घेतला, आणि मोकळा हात इतरांसारखाच उंच वर केला.